चौदा वर्षांच्या भाचीला शंकरपटात जोडी हाकू द्यावी का?

प्रश्न : आत्या, नागपूर

नमस्कार. मी नोकरीमुळे नागपुरात राहते, पण माझे माहेर कुही तालुक्यात आहे. दादाकडे धानाची शेती आहे आणि वडिलांच्या काळापासून घरात पटाची, म्हणजे शंकरपट या बैलजोड्यांच्या शर्यतीची, एक जोडी असतेच. दादाची मुलगी आता नववीत आहे, तिला चौदा पूर्ण झाली आहेत. बैलांना पाणी दाखवणे, त्यांच्या अंगावरून हात फिरवणे, त्यांना गाडीला जुंपणे ही कामे ती दहाव्या वर्षापासून करते, आणि दोन्ही बैल तिच्या आवाजाला जितके मानतात तितके दादाच्या आवाजालाही मानत नाहीत, असे घरातले सगळेच सांगतात.

यंदा गावच्या पटात तिने धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारी, म्हणून उतरावे, अशी पटसमितीची इच्छा आहे. फलकावर तिचा फोटो छापायचा, असेही ठरते आहे. दादाला अभिमान वाटतो. वहिनी या विषयावर काहीच बोलत नाहीत, आणि त्यांचे हे न बोलणे मला जास्त अस्वस्थ करते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते, तेव्हा धान कापून मोकळ्या झालेल्या वावरात तिने मला जोडी पळवून दाखवली. ती छकड्यावर उभी राहिली, गुडघे थोडे वाकवले, कासऱ्याचे दोन वेढे डाव्या मनगटाला घेतले आणि तोंडाने असा काही आवाज काढला की बैल एकदम उसळून निघाले. समोरच्या धुऱ्यापर्यंत पोहोचायला त्यांना काही क्षणच लागले असतील, पण तेवढ्या वेळात तिचा उजवा पाय फळीवरून दोनदा वर उचललेला मी पाहिला. परत आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मला एक शब्दही बोलवला नाही.

त्याच रात्री तिने मला मोबाइलवर अमेरिकेतल्या मुलींच्या चित्रफिती दाखवल्या. दहा-बारा वर्षांच्या मुली उड्या मारणाऱ्या बैलाच्या थेट पाठीवर बसतात आणि पडल्या की उठून पळतात. "आत्या, त्या तर पाठीवर बसतात, मी फक्त गाडीवर उभी राहते," हे तिचे म्हणणे. मला यावर उत्तर सुचले नाही.

माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणींनी "मुलीच्या जातीला हे शोभत नाही" असे सांगितले, आणि ते मला अजिबात पटले नाही. मात्र मनातली भीती खरी आहे. ती मुलगी आहे म्हणून मला भीती वाटते की ती चौदा वर्षांची आहे म्हणून वाटते, हेच मला वेगळे काढता येत नाही. ज्यांना पटाची, त्या अमेरिकी खेळाची किंवा कायद्याची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे. पट जानेवारीत आहे.

उत्तर १ : धुरकऱ्याचा नातू, मौदा

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून मी थांबलो, म्हणून सर्वांत आधी तीच लिहितो. कासऱ्याचे मनगटाला वेढे घेणे आजच्या आज बंद करायला सांगा. माझे आजोबा चाळीस वर्षे पटात जोडी हाकत होते आणि त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी होती. बैल बुजला, छकडा एका चाकावर गेला, आजोबा खाली पडले, पण हात कासऱ्यात अडकलेला राहिला आणि जोडीने त्यांना शेवटच्या खुणेपर्यंत फरफटत नेले. पडल्याने माणूस सहसा मरत नाही, ताई, अडकल्याने मरतो. कासरा मुठीत धरायचा, त्याचे टोक अंगठ्याखालून बाहेर मोकळे ठेवायचे, आणि तोल गेला की आधी मूठ सोडायची. आजोबा आम्हा मुलांना जमिनीवर उभे करून हातात दोरी द्यायचे, पाठीमागून ढकलायचे आणि मूठ सुटली की नाही ते पाहायचे. दोरी धरून पडलेल्या पोराला त्या हंगामात छकड्यावर चढू देत नसत.

दुसरी गोष्ट पट्टीच्या शेवटाची. आपल्याकडे दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून सुटतात, निकाल सेकंदांच्या अंशावर लागतो आणि सगळ्यांची नजर घड्याळावर असते. पण बहुतेक अपघात घड्याळ थांबल्यानंतर होतात. बैल त्या वेगात जागच्या जागी थांबत नाहीत, आणि समोर मात्र जोडी पकडायला धावलेली माणसे, मोबाइल घेऊन उभी असलेली पोरे आणि कधी कधी उभी केलेली ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा असते. शेवटच्या खुणेपुढे किती मोकळी जागा सोडणार आहेत, हे दादांनी समितीला विचारावे. खुणेपर्यंतच्या अंतराइतकीच जागा पुढे मोकळी असली, तर बैल आपोआप दमाने थांबतात.

तिसरी गोष्ट, आणि ही लिहिताना मला वाईट वाटते. मी स्वतः बाराव्या वर्षी पहिल्यांदा पटात उतरलो. माझ्यासाठी कुणी असा प्रश्न विचारला नाही. आईने विचारला असेल, तर तो माझ्यापर्यंत पोहोचला नाही. तुमच्या भाचीसाठी तो विचारला जातो आहे हे चांगलेच आहे, पण त्याच पटात तिच्या वयाचे जे मुलगे उभे असतील, त्यांच्यासाठीही तो विचारला जावा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात महिला धुरकरी उतरतात, लोक त्यांना पाहायला गर्दी करतात. बाईने जोडी हाकावी की नाही, हा वाद विदर्भात तरी मिटत आलेला आहे. वयाचा प्रश्न मात्र अजून कुणी हाती घेतलेला नाही.

उत्तर २ : पंधरा वर्षे टेक्सासमध्ये, सध्या धरमपेठ

आत्याबाई, तुमच्या भाचीने पाहिलेला खेळ मी तिकडे अनेकदा प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. तुलना करायचीच असेल, तर ती पुरती करावी असे मला वाटते.

त्या खेळात स्वाराने आठ सेकंद बैलाच्या पाठीवर टिकायचे असते. बैलाच्या छातीभोवती एक विणलेला दोर आवळलेला असतो. एका हाताने तो धरायचा आणि दुसरा हात हवेत मोकळा ठेवायचा. तो बैलाला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की फेरी बाद होते. एकूण शंभर गुणांपैकी निम्मे स्वाराला आणि निम्मे बैलाला असतात, कारण बैल जितका अवघड तितकी फेरी मोठी मानतात. मोठ्या स्पर्धांतला बैल सहाशे ते नऊशे किलोंचा असतो. मौद्याच्या दादांनी लिहिलेला धोका तिथेही सर्वांत वाईट समजला जातो: स्वार पाठीवरून घसरतो, पण हातमोज्यातली मूठ दोरात अडकून राहते आणि बैल त्याला कडेला लटकत ठेवून उड्या मारत राहतो. अशा वेळी बैलाला हुलकावणी देऊन स्वाराला सोडवणारी दोन-तीन तरबेज माणसे पूर्ण वेळ मैदानातच उभी असतात, आणि त्यांच्याशिवाय फाटक उघडत नाही.

मुलांना एकदम बैलावर बसवत नाहीत, हे त्या चित्रफितींत दिसत नाही. पाच-सहा वर्षांची मुले आधी मेंढीच्या पाठीवर बसतात, मग वासरू, मग खच्ची केलेला तरुण बैल, मग लहान चणीचे बैल, आणि अखेर मोठा बैल. ओरेगॉन राज्यातल्या आर्लिंग्टन या छोट्या गावची नजाया नाइट ही पायूट या आदिवासी समाजातली मुलगी लहानपणी मेंढीवरून सुरुवात करून, मुलांच्याच गटात खेळून पुढे आली आणि तिकडे तिचे नाव झाले. मुलींच्या चित्रफिती लोकप्रिय होण्यात तिचा मोठा वाटा आहे.

बायका या खेळात काल-परवा आल्या, असेही नाही. १९४८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलो येथे अडतीस बायकांनी एकत्र येऊन रोडिओची, म्हणजे तिकडच्या घोडे-बैलांवरच्या स्वारीच्या खेळांची, स्वतःची संघटना काढली, आणि मोंटानाच्या जॉनी जॉनकोव्स्की यांनी १९८६ आणि १९८८ अशी दोनदा महिलांची बैलस्वारीची अजिंक्यपदे मिळवली. त्या बायकांना स्वतःची संघटना का काढावी लागली, ही खरी सांगण्यासारखी गोष्ट आहे. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये ओरेगॉनमधल्याच पेंडलटन गावच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल ही नावाजलेली स्वार उसळत्या घोड्यावरून पडली आणि काही दिवसांनी वारली. त्या काळी बायकांना टिकणे सोपे जावे म्हणून दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधत असत. पडताना तिचा पाय त्या बांधलेल्या रिकिबीत अडकला. जी सवलत बाई म्हणून दिली होती, तीच तिच्या जिवावर बेतली. त्यानंतर पेंडलटनने रिकिबी बांधण्याची पद्धत नव्हे, तर बायकांची स्पर्धाच बंद केली, आणि मोठ्या रोडिओंतून ती हळूहळू नाहीशी झाली.

आता दुसरी तारीख पाहा. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधल्या शायेन येथे लेन फ्रॉस्ट हा १९८७ चा जगज्जेता स्वार आठ सेकंद पूर्ण करून खाली उतरला, चिखलात पडला, आणि बैलाने त्याला पाठीवर शिंगाने धडक दिली. बरगड्या मोडून तो मैदानातच गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूनंतर पुरुषांची बैलस्वारी बंद करावी, असे कुणी मनावर घेतले नाही. त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने छाती-पाठ वाचवणारे जाकीट तयार केले, पुढे ते सगळ्यांच्या अंगावर आले, आणि ऑक्टोबर १९९४ नंतर जन्मलेल्या स्वारांना व्यावसायिक साखळीत हेल्मेटही सक्तीचे झाले.

पुरुष गेला तेव्हा जाकीट आले आणि बाई गेली तेव्हा बायका गेल्या, हे मी तिकडच्या एका रोडिओ संग्रहालयातून फिरताना पहिल्यांदा जोडून पाहिले आणि बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिले. तुमच्या भाचीला जानेवारीत खरचटले जरी, तरी गावात पहिले वाक्य कोणते उच्चारले जाईल, याचा विचार करा. "मुलींना कशाला उतरवायचे" हेच ते वाक्य असेल. त्याच पटात एखाद्या मुलाचा हात मोडला, तर "खेळात होते असे" म्हणून पुढची जोडी सोडतील. म्हणून तिला उतरवायचे असेल, तर आधी जाकीट आणि हेल्मेट येऊ द्या, आणि ते फक्त तिच्यापुरते नको, त्या दिवशीच्या प्रत्येक धुरकऱ्याला हवे. फक्त तिलाच घातले, तर तीही एक बांधलेली रिकीबच होईल.

उत्तर ३ : वकील, सिव्हिल लाइन्स

कायद्याचे थोडक्यात लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली होती. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे पट आज कायदेशीर आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनेच. बैलाला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समितीकडे परवानगीचा कागद मागा; तो नसेल, तर पुढचे बोलणेच नको.

वयाबाबत सर्वांत जवळचे उदाहरण दहीहंडीचे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवता येत नाही. तुमची भाची त्या रेषेच्या नुकतीच पलीकडे आहे, पण ती रेषा दहीहंडीसाठी आखलेली आहे, म्हणून तिच्यावर विसंबू नका. २०२२ मध्ये शासनाने गोविंदांच्या मृत्यूसाठी दहा लाखांचे साहाय्य जाहीर केले होते. पटाच्या समितीने धुरकऱ्यांचा अपघात विमा उतरवला आहे का आणि त्यात अज्ञान (अठरा वर्षांखालील) व्यक्ती बसते का, हे लेखी विचारा. दादांनी कोणत्याही हमीपत्रावर "सर्व जबाबदारी पालकांची" या ओळीखाली सही करू नये.

उत्तर ४ : पशुवैद्यक, काटोल

धरमपेठच्या ताईंनी लिहिलेले मला मनापासून पटले, तरी एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. मुलामुलीला एकच नियम हवा हे खरे. पण म्हणून तो नियम "जाकीट घाला आणि उतरा" असाच असावा, हे त्यातून निघत नाही. चौदाव्या वर्षी हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या अनेकांच्या बाबतीत पूर्ण भरलेल्या नसतात, आणि मनगटाची पट्टी दुखावली तर हात वाकडा किंवा आखूड राहण्याची भीती असते. माझा धंदा जनावरांचा असल्याने दुसरी बाजूही सांगतो. घरच्या वावरात आवाजाला मानणारा बैल पटाच्या दिवशी तोच बैल नसतो. भोंगे वाजत असतात, हजारोंची गर्दी असते, शेजारी परकी जोडी असते. पटाच्या तपासणीला मी उभा असतो, तेव्हा धावण्याआधीच नाकपुड्या फुलवून थरथरणारे, वारंवार शेण टाकणारे बैल मला दिसतात. ते भ्यालेले असतात, आणि भ्यालेल्या बैलाला कुणाचा आवाज ओळखता येत नाही. त्यांच्या ओळखीवर भिस्त ठेवून चौकटीबाहेरचे धाडस करू नये. माझ्या मते सोळा पूर्ण होईपर्यंत कुणाही मुलाला किंवा मुलीला पटात उतरवू नये. तोवर बैलांचा सराव, खुराक, जुंपणी हे सगळे तिच्याच हाती राहू द्या. जोडीच्या नावापुढे तिचे नाव लागावे, असा आग्रहही धरा, कारण जोडी तिनेच तयार केलेली आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : आत्या, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. मी तुमची उत्तरे छापून घेऊन रविवारी गावी गेले आणि रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवली. लेन फ्रॉस्टची गोष्ट ऐकताना दादाने दोनदा विषय बदलायचा प्रयत्न केला. बॉनी मॅकॅरोलच्या रिकिबीपाशी वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "फोटो छापायचा म्हणतात, पण दवाखान्याची गाडी उभी ठेवू असे कुणी म्हणाले का?" एवढेच त्यांनी विचारले. कुहीहून नागपूरच्या मेडिकलपर्यंतचा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरचा आहे, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होते, तरी तोवर कुणी ते मोठ्याने बोलले नव्हते.

सकाळी भाचीला मौद्याच्या दादांची परीक्षा दिली. मी अंगणात तिच्या हातात कासरा दिला आणि मागून ढकलले. पहिल्या तिन्ही वेळा ती मूठ आवळूनच पडली. चौथ्या वेळी मूठ सुटली, पण तळवा जमिनीवर घासून सोलवटला. तिने तो धुतला, हळद लावली आणि स्वतःच म्हणाली, "आत्या, यंदा नको. मूठ आपोआप सुटेपर्यंत नको." हे तिच्या तोंडून आले म्हणून मला बरे वाटले. पशुवैद्यकांनी सांगितलेली सोळा वर्षांची अट दादाने अजून मान्य केलेली नाही. पुढच्या हंगामी पुन्हा बोलू, असे तो म्हणतो. यंदा जोडी माझा चुलत भाऊ हाकणार आहे आणि फलकावर जोडीच्या मालकाच्या जागी भाचीचे नाव द्यायला समिती तयार झाली आहे. शेवटच्या खुणेपुढची जागा दुप्पट करण्याचे आणि १०८ ची गाडी दिवसभर उभी ठेवण्याचे दादाने समितीकडून वदवून घेतले आहे. विम्याचे पत्र अजून आलेले नाही.

आता एक शेवटची विचारणा. चुलत भावासाठी आणि इतर धुरकऱ्यांसाठी आम्ही घोडेस्वारीची हलकी हेल्मेटे घेणार आहोत, कारण दुचाकीच्या हेल्मेटमध्ये बाजूचे नीट ऐकू येत नाही आणि ती जडही असतात, असे भावाचे म्हणणे आहे. नागपुरात अशी हेल्मेटे कुठे मिळतील? एकूण सहा हवी आहेत. त्यांतले एक भाचीच्या मापाचे, त्रेपन्न सेंटीमीटर घेराचे हवे. ती ते आतापासून सरावाला घालणार आहे.